खालच्या नानांची पापणी

साऱ्या दिल्लीत माणसाला नुसत्या चेहऱ्यावरून ओळखावं ते आपल्या मयूर विहारच्या खालच्या मजल्यावरच्या नानांनी, आणि तेही चुकीचं. समोरच्याच्या डोळ्यांत ते पापणी न लवता बघत राहतात आणि मग त्याचं गाव जाहीर करतात. करोल बागेत एका साडीवाल्याला त्यांनी भुवयांवरून सातारचा ठरवलं होतं. तो बिचारा म्हणाला, "नहीं जी, हम तो मुलतान के हैं." नाना जराही न डगमगता म्हणाले, "अच्छा, मग मामा सातारचे असतील." साडीवाल्याने हसून चहा मागवला. साडी राहिलीच.

सोसायटीच्या फाटकावर चेहरा ओळखणारं मशीन बसलं, तेव्हा नानांनी ते मनाला लावून घेतलं. ते नाव सांगतं, दार उघडतं, पण गाव विचारत नाही, ही कसली ओळख, असं ते वॉचमनला हिंदीतून समजावत. तरी जाता-येता मशीनला नमस्कार करायचे.

यंदा मात्र गाठ पडली हयातीच्या दाखल्याशी. पेन्शनवाल्याला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. नानांच्या बोटांचे ठसे झिजलेले, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून बुबुळं वाचणारं यंत्रही कुरकुर करू लागलेलं. उरला चेहरा. मी फोनवर चेहऱ्यावरून दाखला देणारं सरकारी ॲप उघडलं आणि तो त्यांच्यासमोर धरला. फोटोची पापणी लवत नाही, म्हणून हे ॲप माणसाला पापणी लववायला सांगतं. आणि नाना कॅमेऱ्याकडे टक लावून त्याचं गाव शोधत होते! तीनदा नकार आला. महिना संपायला दोन दिवस होते. नाना हळूच म्हणाले, "वहिनी, मी नाही बहुतेक."

माझा हात भरून आला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "नाना, मुलं इतकी दूर, मला फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बघतात. समोर उभी राहिले तर ओळखतील का हो?"

नानांनी कॅमेरा सोडून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचेच डोळे घेऊन गेलीत ती दोघं. रोज आरशात बघत असतील तुम्हाला."

एवढं बोलून ते पुन्हा कॅमेऱ्याकडे वळले. डोळे भरले होते, पापणी आपोआप लवली आणि फोनवर ओळख पटल्याची हिरवी खूण उमटली.

नाना या वर्षापुरते हयात आहेत. तुम्ही दोघं तेवढं आरशात नीट बघून मला कळवा. नानांचा अंदाज सहसा चुकतो.