खिडकीच्या काचेवरची फिल्म

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजला निघाले होते. इंदिरानगरला मामांच्या घरी पोचले तर दारासमोर जमलेल्या लोकांत दिलीप दिसला. तो येईल असं वाटलं नव्हतं...

मामा वेल्डिंग शिकवत. अणुवीज केंद्रासाठी वेल्डर तयार करणं हे त्यांचं काम. तिथले पाइप एकदा चालू झाले की किरणोत्सर्गामुळे जवळ जाऊन दुरुस्ती करणं अवघड, म्हणून प्रत्येक सांध्याचा एक्स-रे काढतात. सांधा आतून भरला नसेल तर फिल्मवर काळी रेघ उमटते. सरावाच्या फिल्म मामा घरी आणत आणि खिडकीच्या काचेला धरून बघत. "आधी रेघ बघायची, पोरगं कुणाचं ते मागून," म्हणत.

मी दहावीत असताना मधुमेहाने त्यांचे डोळे अधू होऊ लागले. ते कुणालाच, अगदी मामीलाही माहीत नव्हतं. मला कळलं, कारण फिल्म धरली की मला हाक येई, "या कॉन्व्हेंटच्या मॅडम, बघा बरं."

चांदवडचा दिलीप त्यांचा सगळ्यात कष्टाळू विद्यार्थी. केंद्राची परीक्षा एकदाच देता येई. नापास झालं की संपलं. सांधा कच्चा असेल तर सहा महिने थांबून सराव करता आला असता. ते त्याच्या शेवटच्या फिल्मवर ठरणार होतं. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभा राहिला.

"अहो, त्याला बसू तरी द्या. फाशी सुनावायचीय का?" मामी म्हणाली. सगळे हसले.

मामांनी फिल्म धरली. "आहे काही?"

रेघ होती. केसाएवढी, पण होती. हो म्हटलं असतं तर कुठे, किती, दाखव... आणि दिलीप माझ्याकडेच बघत होता. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. "नाही," म्हणणं सोपं होतं.

मामांनी त्याच्या परीक्षेच्या अर्जावर सही केली. दिलीप नापास झाला.

मामांनी भिंग घेऊन ती फिल्म पुन्हा पाहिली. "तुला दिसली होती ना गं?" मी मानेनंच हो म्हटलं. ते रागावले नाहीत. "सही माझी होती," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना डोळ्यांचं सांगून टाकलं. मग त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. त्यांनी पुन्हा कुणाला शिकवलं नाही.

मामा गेले त्या दिवशी अंगणात दिलीप म्हणाला, "सर दर दिवाळीला देवळ्याला यायचे, माझ्या वेल्डिंगच्या दुकानात. गेटचे सांधे बोटानं चाचपायचे. लय माफी मागायचे. मी म्हणायचो, सर, नजरचूक कुणाची होत नाय?"

म्हणजे मामांनी माझं नाव कधीच घेतलं नव्हतं. मीही ते घेतलं नाही.

ती फिल्म मामांनी खिडकीच्या काचेवर चिकटवून ठेवली होती. मामीला वाटतं, उन्हासाठी. अजून तिथेच आहे. हे ज्यात छापून येईल तो रविवारचा पेपर दिलीप घेतो की नाही, मला माहीत नाही. पण रेघ होती. सांध्याच्या मधोमध, फिल्मच्या डाव्या कडेपासून दोन बोटांवर, नखाएवढी लांब.