कडूमावशीची किटली

रोपवाटिकेत तिला सगळे कडूमावशी म्हणतात. शिव्या देते म्हणून नव्हे, त्या तर मी जास्त देते. मावशी सिंकोनाचं झाड चाटून ओळखते, म्हणून.

सिंकोना म्हणजे उष्ण मुलखातल्या, ढगात बुडालेल्या डोंगररानांतलं झाड. हिवतापावरचं कोयनेल निघतं ते याच्याच सालीतून. मावशी तीस वर्षं त्याची धुळीएवढी बी पेरत आलीये. शंका आली की नखाने सालीची कपची काढायची, जिभेच्या टोकाला लावायची, निकाल हजर! "पान फसवतं गं, साल नाही."

रोपवाटिकेमागच्या उतारावर तिच्या सासऱ्याने लावलेली सिंकोनाची एकतीस झाडं होती. कार्यालयाला तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. जुन्या लागवडीला हात लावता येत नाही, म्हणून कारकुनाने यादीत लिहिलं, 'किरकोळ रानझाडे'. पठ्ठ्या पाहणीला गेला तेव्हा जीपमधून उतरलासुद्धा नव्हता! मी अकरा अर्ज केले. अकराही फायलीत घोरत पडले.

शेवटी तीन साहेब आले. मावशीने त्या झाडांची पानं पुढे केली. कारकुनाने ती टेबलावरून झटकली.

"साहेब, पान ते पान. मावशींचं आता वय झालंय."

माझं टाळकं सरकलं. तोंड उघडणार, तोच मावशीने दंडाला चिमटा काढला.

"गप गं. डोकं नको तापवूस, पाणी तापव."

तापवलं. किटलीत तिने काय टाकलं ते मी पाहिलं नाही, असं आपण धरून चालू.

पहिल्या साहेबांनी घोट घेतला आणि थेट खिडकी गाठली. दुसऱ्यांनी कपातच परत केला. कारकुनाचा चहा त्याच्याच शर्टावर.

"काय घातलंय यात?"

"काही नाही हो. किरकोळ रानझाड."

पण निकाल ज्यांच्या हातात, ते बडे साहेब शांतपणे पीत होते. संपवला. कप पुढे केला.

"आहे का आणखी?"

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हा कुठे आम्हाला आठवलं, साहेबांना साखरेचा आजार, रोज सकाळी पेलाभर कडू काढा! या जिभेला काय कळणार, कपाळ?

साहेबांनी ओठ पुसले. "बावीस वर्षं काढे पितोय. इतकं अस्सल कडू मिळालं नव्हतं. झाड दाखवा."

उतारावर उभं राहून त्यांनी हुकूम सोडला: यादी नव्याने करायची, चाटल्याशिवाय एकही झाड लिहायचं नाही. आणि लिहिणार कोण? कारकूनच.

"नीट टेकवा हो जीभ," मावशी मागून. "पाहुण्यासारखं काय करताय?"

सत्ताविसाव्या झाडाशी कारकून खुलला. "मावशी, हे कडूच नाही!"

"मेली असेल तुमची जीभ."

तिने स्वतः चाटलं. दुसऱ्या बाजूने चाटलं. सासऱ्याने लावलेली म्हणून तिने ही एकतीस कधी चाखलीच नव्हती.

"खोडा यादीतून," ती पुटपुटली. "मामंजी चष्मा लावत नसत."

तीस झाडं वाचली. ते एक कार्यालयाने नियमानुसार, मोठ्या थाटात तोडलं. तिथे आता बरोबर एक स्कूटर मावते. कारकुनाची.