पेठच्या घाटातला लाल पट्टा

गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही पेठला निघालो होतो. गाडी ताई चालवत होती, बाबा तिच्या शेजारी, मी मागे. रस्ता रुंद करायला घाटात डोंगर नव्यानं कापला होता. एका वळणानंतर ताईनं गाडी कडेला घेतली आणि उतरली. मला वाटलं, टायर बसलं. पण ती त्या कापलेल्या कड्यासमोर जाऊन उभी राहिली.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आम्ही नाशिक रोडला राहत होतो तेव्हा तिनं हट्टानं भूगर्भशास्त्र घेतलं होतं. पोळ्या लाटता लाटता ती आईला सांगायची, की आपला हा सगळा डोंगरी मुलूख लाव्ह्याचा आहे. तो बाहेर पडला तेव्हा ही जमीन इथं नव्हतीच, विषुववृत्ताच्याही खाली होती, मग सरकत सरकत वर आली.

"अजून सरकते का?" आई विचारायची.

"हो, दरवर्षी थोडीशी."

"बरं. ती पोळी उलट आधी, करपतेय."

दुसऱ्या वर्षी कॉलेजचा अभ्यासदौरा निघाला. मुलं-मुली मिळून, डोंगरातल्या गावांत मुक्काम. तो केल्याशिवाय वर्ष पुरं होणार नव्हतं. ताईनं कॅनव्हासचे बूटसुद्धा आणले होते. बाबा म्हणाले, "नको. मुक्कामाला मुलगी पाठवायची नाही." आवाजही चढवला नाही त्यांनी. ताई रडली, जेवायची थांबली, मग जेवायला लागली. जूनमध्ये तिनं कॉमर्सला नाव घातलं. पुढे पतसंस्थेत नोकरी, लग्न, मुलगा. दगडांचा विषय तिनं घरात पुन्हा काढला नाही. काही वर्षांनी मी पुण्याला होस्टेलवर राहायला गेले, तेव्हा बाबा स्वतः माझी गादी घेऊन सोडायला आले होते.

घाटात बाबा काठी टेकत उतरले. "काय बघतेस?"

"हा लाल पट्टा." दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेच्या रंगाची हातभर रेघ होती. "खालचा लाव्हा निवला आणि मग कितीतरी काळ नवा आलाच नाही. दगडाची माती झाली, त्यात काही उगवलंही असेल. नंतर वरचा लाव्हा आला, त्यानं ती माती भाजून काढली." ती भराभर बोलत होती, पूर्वी बोलायची तशी.

बाबांनी ऐकून घेतलं. "त्या दौऱ्यात हेच दाखवणार होते का?"

"असेल. मी कुठे गेले?"

एक ट्रक गेला. "तुला पाठवायला हवं होतं मी," बाबा म्हणाले. "धाकटीच्या वेळी धीर आला. तुझ्या वेळी नव्हता."

ताईनं नखानं थोडी लाल माती खरवडली आणि साडीला लागू नये म्हणून हात झटकले. "आता पंचेचाळिशी झाली माझी, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाबांना सोपं गेलं असतं, असं मला वाटलं. "चला, मुहूर्त चुकेल," म्हणत तिनं त्यांना हात देऊन गाडीत बसवलं.

महिन्याभरानं बाबांचा मला फोन आला: हा विषय या वयात, बाहेरून शिकता येतो का? मी चौकशी केली, ताईला कळवलं. ती म्हणाली, "मार्चअखेरची कामं आहेत गं, नंतर बघू."

मार्च होऊन गेला. बाबा अधूनमधून मला विचारतात, "तिचं काय ठरलं?" तिला मात्र विचारत नाहीत.