अण्णांच्या छातीवरच्या रेघा

"कोवळ्या उन्हात बसवत जा त्यांना," डॉक्टर म्हणाले.

"उन्हानं माणूस जास्त जगतं का हो?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या बापाच्या लेकीला दुसरं काय सुचणार!

"तसं नक्की सांगता येत नाही. पण बसवा, बरं वाटेल. फक्त किरण देतो त्या जागी ऊन नको, तेल तर अजिबात नको. आणि या रेघा पुसू देऊ नका."

अण्णांच्या छातीवर निळ्या शाईच्या तीन रेघा आखल्या होत्या. त्या बघूनच मशीन कुठं लावायचं ते ठरायचं. तीस वर्षं खव्याच्या भट्टीचा धूर गिळलेली ती छाती.

सोमवार ते शुक्रवार आम्ही सोलापूरला खोली घेऊन राहायचो, शनिवार-रविवार येरमाळ्याला घरी. मायला मी रोगाचं नावच सांगितलं नव्हतं. छातीत गाठ हाय, बस. नाव लपवायच्या नादात नियमही गिळले. "डॉक्टर म्हणालेत, ऊन द्या," एवढंच बोलले. अक्कल गहाण टाकली होती मी!

रविवारी सकाळी भाकरी टाकून अंगणात आले. अण्णा बाजेवर उघडे बसलेले आणि माय कोमट तेलानं त्यांची छाती चोळत होती. आम्हा चार भावंडांना, मग नातवंडांना तिनं असंच तेल लावून उन्हात घातलेलं. ऊन म्हटलं की तिच्या लेखी तेल आलंच.

"बघ, तोंडावर कसा तजेला आलाय," ती खुशीत म्हणाली. तिचे तळहात निळे झाले होते.

दोन रेघा साफ गायब, तिसरी दिसतीय न दिसतीय. "माय, काय करून बसलीस गं हे!" मी केवढ्यांदा ओरडले. ती हात तसेच अधांतरी धरून उभी राहिली.

"तिला कशाला वरडती?" अण्णा म्हणाले. "मला लई बरं वाटत हुतं."

दवाखान्यात रागावतील, उपचारच थांबवतील, या भीतीनं मी आणखी मोठा गाढवपणा केला. मी शिलाईकाम करते, रेघ मारणं माझं रोजचंच. तेल पुसलं, माझ्या लेकीच्या दप्तरातून निळा मार्कर घेतला आणि आठवून आठवून तीन रेघा ओढल्या. हुबेहूब जमल्या, असं स्वतःला बजावलं.

सोमवारी एसटीत बसल्यावर मात्र मनात आलं, किरण भलतीकडंच गेले तर? बापाला बरं करायला निघाले की मारायला? आमच्या येडाई देवीला मनातल्या मनात हात जोडले. शेजारी अण्णा खिडकीतून येणारं ऊन तोंडावर घेत निवांत बसले होते. त्यांचा माझ्यावर केवढा भरवसा! मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मशीनच्या दारात त्यांचा नंबर पुकारला. ते आत निघाले आणि मी त्यांची बाहीच धरली. "थांबा! रेघा मी मारल्यात!"

मशीनवरच्या माणसानं जुनी मापं काढून पट्टी लावली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "ताई, दोन बोटं सरकल्यात," तो हळूच म्हणाला. "हृदयाकडं."

मी तिथंच बाकड्यावर बसले आणि हमसून हमसून रडले. त्या दिवशी किरण दिले नाहीत. नव्यानं तपासून दुसऱ्या दिवशी रेघा आखून दिल्या.

शनिवारी घरी आल्यावर मायला सगळं सांगितलं, रोगाच्या नावासकट.

रविवारी अण्णा गळ्यापर्यंत गुंड्या लावून उन्हात बसले. माय त्यांच्या पायाशी वाटी घेऊन बसलेली. वाटीत बोट बुडवायलाही ती धजत नव्हती.

"तळपायाला लावलं तर चालंल का गं?" तिनं मला विचारलं.

पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याला हात लावायला तिनं कुणाची परवानगी घेतली नव्हती. आणि मलाही छातीठोकपणे "लाव" म्हणता येईना. मी दवाखान्यात फोन लावला.