रविवारचं जहाज

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे आणि तिच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावलेला आहे. त्यावर अजून लाल टाचण्या टोचलेल्या आहेत. सिंगापूर, डर्बन, सँतोस, रॉटरडॅम, पुन्हा डर्बन. त्या काढून टाकाव्यात असं मला दर रविवारी वाटतं आणि दर रविवारी मी नकाशाकडे पाठ करून बसते. लावल्या मीच होत्या, त्यामुळे काढायला दुसरं कुणी येणार नाही.

मी तीस वर्षं एका शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्त झाले आणि घरी बसून इंटरनेटवर भलतंसलतं शोधायची चटक लागली. सापडलेलं कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा माझा जुना रोग. शाळेत पोरं एक पुस्तक मागायची आणि मी त्यांच्या हातात तिसरंच कोंबायची. आता पोरं नव्हती, म्हणून वस्तीला धरलं. रविवारी सकाळी वंदना झाली की बायाबापड्या चपला शोधायच्या आत मी अभ्यासिकेतला टीव्ही लावायची आणि दारात उभी राहायची. "पंधरा मिनिटं. नवीन गंमत आहे, पाहून जा."

पहिल्यांदा भिडेखातर चौघीजणी बसल्या. मी त्यांना इंटरनेटवरचं एक संकेतस्थळ दाखवलं. आपण उभे आहोत तिथून जमिनीत सरळ भोक पाडलं तर पृथ्वीच्या पलीकडे कुठं निघू, ते त्यावर कळायचं. नागपुरातून खाली गेलं तर पॅसिफिक महासागर निघाला. चहूकडे निळं. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "म्हंजे आपल्या पायाखालीच समुद्र आहे वं, अन् आमी नळाची वाट पाहून राहिलो." सगळ्या हसल्या. पुढच्या रविवारी वीसजण आले. पृथ्वीचा गोळा फिरवून कुठल्याही गावचा रेडिओ ऐकायचं एक स्थळ होतं, ते लागलं तेव्हा आफ्रिकेतल्या कुठल्याशा गावचं लग्नाचं गाणं ऐकून दोघीतिघी नाचल्यासुद्धा. मला फार बरं वाटायचं. एवढं कौतुक शाळेत तीस वर्षांत कधी वाट्याला आलं नव्हतं.

अंगणवाडीत मदतनीस असलेली माझी शेजारीण मात्र कधी हसायची नाही. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा. तो मुलगा नुकताच मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला होता. समुद्र कशाशी खातात हे माहीत नसलेल्या आमच्या वस्तीला त्याचं केवढं अप्रूप! शाल-श्रीफळ देऊन विहारात त्याचा सत्कार झाला. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या फोटोचं फ्लेक्स लागलं, पांढरा शर्ट आणि मागे कुणाचं तरी जहाज. "वस्तीचा पहिला दर्यावर्दी." अख्खी वस्ती त्याला रेल्वे स्टेशनवर सोडायला गेली आणि त्याची आई घरी येऊन जी गप्प झाली ती झालीच.

एका रविवारी तिने मला बाजूला घेतलं. "बाई, तुह्या टीव्हीत सारं जग दिसते म्हणतेस, तं माह्या पोट्ट्याचं जहाज दिसते काय वं?"

मला माहीत नव्हतं. चार दिवस शोधलं आणि सापडलं. जगातलं प्रत्येक मोठं जहाज आपला ठावठिकाणा सतत कळवत असतं आणि तो सगळ्यांना पाहता येतो, अशी स्थळं आहेत. जहाजाचं नाव टाकायचं, की निळ्या पाण्यावर एक छोटा हिरवा बाण दिसतो. पुढच्या रविवारी मी ते टीव्हीवर लावलं. सिंगापूरजवळ शेकडो बाण मुंग्यांसारखे दाटले होते. त्यातल्या एकावर मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "हा पाहा तुझा मुलगा."

माझी चूक इथंच झाली, आणि मग साऱ्या वस्तीने ती केली. तो बाण जहाजाचा होता, मुलाचा नव्हता. पण त्या दिवशी शेजारीण उठून टीव्हीपाशी गेली, काचेवर हात ठेवला आणि मोठ्याने रडली. तेव्हा हा फरक सांगायचं कुणाला सुचणार? मला तर स्वतःचा अभिमान वाटत होता.

तेव्हापासून दुसरं काही दाखवायची सोयच उरली नाही. वंदना संपली की पुढच्या खुर्चीतून म्हाताऱ्या आजी विचारायच्या, "आज कुठं आहे वं आपलं जहाज?" मी दाखवायची, मग नकाशावर टाचणी लावायची. आजी बोटांवर मोजायच्या, या बंदराहून त्या बंदराला किती दिवस. ज्या बायांनी रामटेकपलीकडे पाय ठेवला नव्हता त्या डर्बन ते सँतोस दोन आठवडे लागतात हे सांगू लागल्या. रॉटरडॅमला थंडी असेल म्हणून शेजारणीने स्वेटर विणायला घेतला. जहाज भर समुद्रात गेलं की फुकटच्या स्थळावर काही दिसायचं नाही, नुसती शेवटची जागा आणि किती दिवसांपूर्वीची ते. त्या दिवसांत ती नीट जेवायची नाही. मी चिडायची. "अवं, नेटवर्क नाही तिकडं, बुडालं नाही ते!" ती मान हलवायची आणि ताटातला भात तसाच ठेवायची.

मुलाचा फोन यायचा अधूनमधून. नऊ महिन्यांचा करार संपला तेव्हा त्याने आईला कळवलं की कंपनीने मुदत वाढवली आहे. वस्तीला आणखी अभिमान वाटला.

त्यानंतर चारेक महिन्यांनी अभ्यासिकेला कुणीतरी पुण्याहून तीन जुने संगणक देणगी म्हणून पाठवले. ट्रान्सपोर्टने आले होते आणि शहराच्या टोकाला वाडी भागातल्या गोदामातून सोडवून आणायचे होते. मी ऑटो करून गेले. अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगा, धूळ, डिझेलचा वास. पावती दाखवली आणि सावली धरून उभी राहिले. आतून नारिंगी जाकिटातला एक माणूस माझं खोकं खांद्यावर घेऊन आला. त्याने खोकं खाली ठेवलं, मान वर केली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

त्याच सकाळी मी त्याला डर्बनजवळ पाहून आले होते.

"मावशी," तो म्हणाला, "मायले नका सांगजा."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. लाज वाटत नाही का, हे नक्की म्हटलं. तो ऐकून घेत होता. करार संपल्यावर कंपनीने पुन्हा बोलावलंच नाही. मुंबईत दोन महिने दारोदार फिरला. मग नागपूरची गाडी पकडली, पण घरी न येता वाडीला उतरला आणि चौघांत मिळून एक खोली घेतली.

"घरी काहून नाही आला?"

"तो बोर्ड आहे ना अजून, गल्लीच्या तोंडाशी?"

"आहे." उन्हाने त्याच्या फोटोचा रंग उडाला होता, पण कुणी काढलं नव्हतं.

"मंग त्याच्याखालून कसा येऊ सांगा." त्याने खिशातून मोबाइल काढला आणि मला दाखवला. तेच स्थळ, तोच हिरवा बाण. "मी बी रोज पाहतो. मायले सांगा लागते ना कुठं आहे म्हणून."

म्हणजे आई इकडे आणि मुलगा तिकडे, मध्ये बारा-पंधरा किलोमीटर, आणि दोघंही रोज त्याच एका जहाजाकडे बघत होते. तो त्या जहाजावर नव्हता, एवढंच. मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

दोन महिन्यांत दुसरं जहाज मिळतंय, कागद गेले आहेत, असं तो म्हणाला. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. मी शब्द दिला. गोदामात पाळी सुरू असताना मोबाइल फाटकावरच्या कपाटात जमा करावा लागतो, म्हणून फोन संध्याकाळी सहानंतर करा, असं त्याने मला सांगितलं आणि माझी तिन्ही खोकी ऑटोत चढवून दिली. मी पैसे देऊ केले, तर चिडला.

पुढच्या रविवारी आजींनी विचारलं, "आज कुठं आहे वं आपलं जहाज?" मी टीव्ही लावला. जहाज समुद्रात होतं, त्याच्या जागी बरोबर होतं. एकही शब्द खोटा न बोलता मी पंधरा मिनिटं खोटं बोलले. दिलेला शब्द पाळतेय असं मी मनाला समजावत होते. खरं सांगायचं तर मी माझा रविवार वाचवत होते. जहाज गेलं असतं तर त्या खुर्च्यांवर कोण बसणार होतं? पक्ष्यांचे आवाज ऐकवणाऱ्या आणि जुने नकाशे दाखवणाऱ्या माझ्या बाकीच्या स्थळांसाठी कुणी थांबत नाही, हे मला पुरतं कळलं होतं. असे आठ-नऊ रविवार गेले. दुसरं जहाज काही मिळालं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शेजारणीला ताप आला. अंगावर काढला, मग छाती भरली. सरकारी दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. तिची भाची रात्रंदिवस जवळ होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा शेजारीण खूप थकलेली होती. डॉक्टरांनी भाचीला सांगितलं होतं की जवळच्या माणसांना बोलावून घ्या. भाची मला म्हणाली, "मावशी, भाऊले कळवा लागते."

शेजारणीने ते ऐकलं. नाकावरची नळी सरकवून मला विचारलं, "कुठं आहे वं तो?"

मी मोबाइल उघडला. "डर्बनवरून निघालं. चार दिवस झाले."

तिने डोळे मिटून हिशेब केला. "म्हंजे मधात आहे. मधातून कसा येईन तो? नको सांगू त्याले. जेवणार नाही पोट्टा."

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. तिच्या कानाशी वाकून एवढंच म्हणायचं होतं, की तो वाडीला आहे, तासाभरात आणते. ती रागावली असती, रडली असती, मला घालूनपाडून बोलली असती. बोलू द्यायचं होतं. मी काय केलं? बाहेर व्हरांड्यात गेले आणि त्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. त्या फाटकावरच्या बंद कपाटात ती वाजत असणार, हे मला माहीत होतं. मग मेसेज टाकला. सकाळचे अकरा वाजले होते. खाली ऑटो उभे होते. ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं, संध्याकाळी सहाला फोन त्याच्या हातात पडेलच, मग तो येईल, आपण कशाला गोदामात जाऊन चारचौघांत त्याचं पितळ उघडं पाडायचं. आणि शब्द दिला होता ना मी!

परत गेले तर ती म्हणाली, "कोणाले फोन करत होती?"

"घरी," मी म्हटलं.

साडेतीनला ती गेली.

तिला वस्तीत आणेपर्यंत सहा वाजून गेले. माती सकाळी द्यायची ठरली. घरासमोर मांडव टाकला, बाया भोवती बसल्या. मुलाला कसं कळवायचं यावर पुरुषांचं बोलणं चाललं होतं. कुणी म्हणालं कंपनीला मेल करा, कुणी म्हणालं काही उपयोग नाही, तो भर समुद्रात आहे, पुतण्याच्या हातून उरकून घेऊ. मी खांबाला टेकून बसले होते.

साडेसातच्या सुमाराला तो गल्लीत शिरला, त्या फ्लेक्सखालून, धावत. अंगात तेच नारिंगी जाकीट, केसांत गोदामाची धूळ. कुणी वाट द्यायच्या आत तो आईच्या पायांवर पडला. त्याला बिलगायला कुणी उठलं नाही. सगळे त्या जाकिटाकडे बघत होते.

म्हाताऱ्या आजी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "कसा आला गा तू?" त्यांना खरंच कळत नव्हतं. "डर्बनवरून इतक्या लवकर कसा आला?"

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग आजींनीही पाहिलं, मग सगळ्यांनी.

"वाडीवरून आला," मी म्हटलं. "चार महिन्यांपासून तिथंच आहे. मले माहीत होतं."

कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आजी रविवारी मोजायच्या तशा आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

"वाडीवरून तं पाऊण तास लागते," त्या म्हणाल्या.