गुरुपादआण्णांची जळजळ

कबनूरच्या गुरुपादआण्णांचा कुणावर विश्वास बसलाय, असं कुणी कधी पाहिलं नाही. यंत्रमागाचं सूत आणलं तरी वजन दोनदा करायला लावायचे. अशा माणसाच्या घरात अठ्ठ्याण्णव साली थोरल्या अमरेशची बायको सौंदर्या आली, आणि दोनच महिन्यांत आण्णांच्या छातीत जळजळायला लागलं. झालं! संशयाला आणि काय लागतं?

जेवून आडवं झालं की छातीत आग आणि घशाशी आंबट पाणी. "काय घालती आमटीत कुणास ठाऊक," म्हणत आण्णा चुलीपुढं ठाण मांडून बसायचे. सौंदर्यानं मीठ टाकलं तरी विचारायचे, "काय टाकलंस ग ते?" ती बिचारी डबा पुढं करायची.

शेवटी त्यांनी घरचं जेवण सोडून खानावळ धरली. तिथला झणझणीत रस्सा हाणायचा, वर तंबाखू मळायची आणि मागाशेजारीच अंग टाकायचं. जळजळ दुप्पट झाली. दुसऱ्या कुणाला कळलं असतं, की अरे, सुनेचा काय दोष? पण आण्णा म्हणाले, "आधीचंच भिनलंय!" आणि अमरेशला बजावलं, "तिला माहेरी धाड. ह्या घरात ती तरी ऱ्हाईल, न्हाईतर मी." पोरगं मान खाली घालून उभं राहिलं. सौंदर्या पिशवी भरून निघून गेली.

मग मात्र आण्णांची बायको शांतव्वा खवळली. "अवो, तुमच्या संशयापायी पोराचा संसार मोडाय लागलाय! विष हाय म्हणताय न्हवं? चला डॉक्टरला दावू."

कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी आधी हृदयाची पट्टी काढली. ती ठीक निघाली. मग घशातून दुर्बिणीची नळी घालायची म्हटल्यावर आण्णांनी कमरेवर दोन्ही हात घट्ट धरले. "किडनीकडं जायचं न्हाय, सांगून ठेवतो!" नळी निघाल्यावर पहिला प्रश्न, "विष घावलं?"

"कसलं विष? पोटातलं आम्ल उलटं वर येतंय. अन्ननळी सोललीय त्यानं. जेवल्यावर काय करता?"

"आडवा हुतो की."

"आणि तंबाखू?"

आण्णांनी तंबाखूची पुडी खिशात आणखी खोल सरकवली.

रोज न्याहारीच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी एक गोळी, दोन महिने न चुकता. तंबाखू बंद. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. "विटांनी रोग जातोय व्हय?" आण्णा पुटपुटले. शांतव्वानं त्याच दिवशी विटा सरकवल्या.

तिसऱ्या आठवड्यात जळजळ थांबली. पण आण्णांना बरं वाटायच्या ऐवजी लाजच वाटायला लागली. पोरीला उगीच बदनाम केलं आपण! ते स्वतः जाऊन सुनेला घेऊन आले. वाटेत तिची पिशवी स्वतःच धरून बसले.

त्या दिवशी सौंदर्यानं ताट वाढलं. आण्णा भाकरीला हात घालणार, तोच ती समोर बसली. त्यांच्याच ताटातला घास मोडला, आमटीत बुडवला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. सासऱ्याच्या ताटात सुनेचं उष्टं, असलं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"आता जेवा, मामा," ती म्हणाली.