सड्यावरचा नववा फोटो

दुपारी जेवून झालं की मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो आणि काउंटरमागे चटई टाकून आडवा होतो. वीस वर्षांचा नेम आहे, गिऱ्हाइकांनाही तो पाठ झालाय. डोळे मिटलेत, पण संगणकाचा पंखा अजून ऐकू येतोय. पडद्यावर ताईनं टिपलेला शेवटचा सडा, खाडीवरचं ते गवताळ कातळाचं पठार, उघडाच आहे. बारा फोटो एकाला एक लावलेले, आणि आठव्यानंतर बोटभर पांढरी फट.

या फटीनं महिनाभर माझा जीव खाल्लाय. सोमवारी नलूताईचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, वर्षश्राद्ध. जिथं तिनं तीस वर्षं भूगोल शिकवला त्या शाळेच्या सभागृहात हे चित्र लागायचंय, बारा फुटी, आणि जोडून छापायचं मला. माझी बायको सुवर्णा म्हणते, अहो, शेजारचं गवत उचला नि भरा तिथं, कुणाला कळणारेय? खरंय, कुणालाच कळणार नाही. पण ताईला कळेल. ती म्हणेल, दिग्या, इथं सडा आहे की तू रांगोळी घातलीयस?

आणि फट पडली ती माझ्यामुळे, हे मी अजून सुवर्णालाही सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी तिच्यासोबत सड्यावर गेलो त्या दिवशी एका लग्नाचे बॅनर द्यायचे राहिले होते आणि ही बाई एकेका फोटोला पाच पाच मिनिटं लावत होती. मी खेकसलो. आवर की आता, म्हटलं, तो सडा काय पळून जाणारेय? तिचं हृदय तेव्हाच थकलेलं होतं, चार पावलांवर धाप लागायची. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. माझ्या ओरडण्यानं तिचा हात हलला असणार आणि मधला तुकडा सुटला असणार, दुसरं काय?

स्टूल करकरतं. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ताई बसलीय, मांडीवर शाळेची पर्स. मी तिला खांदा दिलाय हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी ती आलीय यात मला काही वावगं वाटत नाही.

“पोट सुटलंय तुझं,” ती म्हणते.

मी शर्ट खाली ओढतो. चहा सांगू का विचारतो, तर ती पडद्याकडे बोट दाखवते आणि डावा पंजा कुठाय म्हणून विचारते. आहे, जपून ठेवलाय, मी सांगतो. आमची ही जुनी रीत. ती फोटो काढायची, मी जोडायचो. एकसारख्या गवताचे दोनशे फोटो माझ्यासमोर आले की कुठून सुरू नि कुठं संपलं ते मला कळावं म्हणून ती सुरुवातीला डावा पंजा भिंगासमोर धरून एक फोटो काढायची आणि शेवटी उजवा. या वेळी डावा आहे, उजवा नाही. तिला हे सांगायला मी तोंड उघडतो तोवर काउंटर लांबत लांबत गेलेला असतो आणि त्याच्या काचेतून झाडं मागे पळताहेत.

आम्ही एसटीत आहोत. तिचं कॅमेऱ्याचं तिपाई स्टँड आमच्या दोघांच्या मांडीवर आडवं. कंडक्टर येतो, माझं तिकीट फाडतो आणि पुढे जातो. यांचं राहिलं, मी म्हणतो. तो मागे वळूनसुद्धा बघत नाही. ताई खिडकीतून बाहेर बघत गालात हसते. मला एकदम रडू येतं. मी तिचा हात धरतो तर तो गार नाही, साधा आहे, खडूनं थोडा कोरडा पडलेला.

उतरतो तो आईच्या स्वयंपाकघरात. चूल विझलेली, फळीवर डबे. पण पायाखाली शेणानं सारवलेली जमीन नाही, जांभा दगड आहे, आणि त्याच्या खळग्यांत पाणी साठून सीतेची आसवं फुललीत, जांभळी, इवलीशी. डब्यांच्या मागे भिंत असायला हवी तिथं आभाळ आहे. भाद्रपदातला सडा, खाडीपर्यंत मोकळा. आम्ही दोघं तिथं बसतो. ती पर्समधून छापलेले फोटो काढते आणि ओळीनं मांडते, मी दहावीत असताना मांडायची तशी. तेव्हा कुठला संगणक? चिकटपट्टी नि कात्री. मागच्या फोटोतलं थोडं पुढच्यात घ्यायचं रे, ती सांगायची, म्हणजे सांधा जुळतो.

वारा सुटतो. फोटो फडफडायला लागतात.

“हात ठेव इथं,” ती म्हणते. “दाबून.”

मी उजवा हात त्या फटीवर ठेवतो. जांभा तळव्याला टोचतो.

“ताई, मी घाई केली नसती तर तुझा हात हलला नसता.”

“माझा हात?” ती माझ्याकडे बघतच राहते. “अरे, कॅमेरा स्टँडवर होता.”

खरंच की. महिनाभर मी स्वतःला कोसतोय, आणि ते स्टँड तर मीच पाठीवर वाहून नेलं होतं. इतका कसा मी बावळट?

“मग ही फट कसली?”

“तूच काढून टाकलास तो. त्यात माणूस दिसलं म्हणून.”

तिच्या सड्यावर माणूस कधीच नसायचं. गुराखी दिसला तर तो पार लांब जाईपर्यंत ती थांबायची. माणूस हलतो, जोडताना त्याचे दोन तुकडे होतात, हे मला तिनंच शिकवलंय. तसं मी बोलून दाखवतो.

“तू कुठं हलत होतास?” ती म्हणते. “तोंड फुगवून बसला होतास दगडासारखा. म्हटलं, हा असाच राहू दे इथं.”

मी नुसतं ताई म्हणतो. ती माझ्या केसांवरून हात फिरवते, जिथं आता केस नाहीत तिथून. उजवा पंजा का नाही काढलास, मी कसंबसं विचारतो. राहिला बघ, ती म्हणते, तुझ्या बॅनरच्या नादात. हात उचलू नकोस, वारा आहे.

शटरवर कुणीतरी नाणं वाजवतंय. पासपोर्ट फोटो हवेत. चारला या, मी आतूनच सांगतो आणि उठून खुर्चीत बसतो.

तिच्या तेराव्यानंतर मी कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं केलं होतं. सडा एकीकडे, माणसं दिसली ते फोटो एकीकडे, ‘घरचे’ नावानं. संगणकानं सड्याच्या फोटोंना नव्यानं ओळीनं आकडे घातले आणि मधलं काही गेल्याची खूणच राहिली नाही. ‘घरचे’ उघडायचं धाडस मला तेव्हापासून झालेलं नाही. आता उघडतो. बारशाचे, गणपतीचे, आणि सगळ्यांत खाली एक उभा फोटो. जांभ्यावर पाठमोरा बसलेला एक माणूस, शेजारी मिटलेली छत्री, डोक्यावर टक्कल. ताईनं चेष्टेनं काढला असेल म्हणून मी तेव्हा बाजूला सारला होता.

तो उचलून आठव्याच्या पुढे ठेवतो. खाडी आठव्यात सुरू होते, माझ्या टकलामागून जाते आणि पलीकडच्या फोटोत बाहेर पडते. कुठं केसभर फरक नाही. फट गेली. मी तिथंच बसून हमसाहमशी रडतो, आणि लाजही वाटत नाही. शाळेत लागणार म्हणजे सगळा गाव माझी पाठ बघणार. बघू दे.

डोळे पुसायला हात वर करतो तेव्हा दिसतं. उजव्या तळव्यावर बारीक बारीक खड्डे उमटलेत, लालसर, एकसारखे नसलेले. चटईच्या काड्या सरळ असतात. खाली फरशी गुळगुळीत आहे. अजून टोचल्यासारखं होतंय.

ताईचा कॅमेरा फळीवर असतो. वापरत कुणी नाही, पण त्याची बॅटरी मी दर रविवारी भरून ठेवतो. तो खाली काढतो, डाव्या हातात धरतो, ते खड्डे बुजायच्या आत उजवा पंजा भिंगासमोर धरतो आणि बटण दाबतो.